हातातली पिशवी

गेल्या महिन्यात दुबईहून माझ्या भाचीचा फोन आला. "खाला, ईदच्या सुट्टीत आम्ही सायप्रसला चाललोय. सासूबाईपण सोबत आहेत. त्यांना शुगर आहे. सामान काय काय घेऊ?"

मला हसूच आलं. मी राहते देऊळगाव राजात. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे खडकपूर्णा धरणाचं, तेही पाऊस चांगला झाला तर. बेट म्हणून मी आयुष्यात एकच पाहिलंय, मुरूडचा जंजिरा. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्या एका बेटावर जे कळलं ते हिला सांगायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा ठरला. अब्बांनीही कधी समुद्र पाहिला नव्हता. त्यांना घेतलं. जालन्याहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, मुंबईला एक दिवस नातेवाईकांकडे मुक्काम, आणि तिथून जीप करून अलिबागमार्गे मुरूड. मी आठ दिवस आधीपासून तयारीला लागले होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, चादरी, मुलांचे स्वेटरसुद्धा! कोकणात स्वेटर कशाला लागतो, हे तिथं घामाने भिजल्यावर समजलं.

अब्बांना बरीच वर्षं इन्सुलिन आहे. त्यांची औषधं, शुगर तपासायचं मशीन, बिस्किटं, सगळं मी एका काळ्या बॅगेत व्यवस्थित भरलं होतं. राजपुरीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा ती बॅग मी जीपमध्येच ठेवली. म्हटलं, तासाभरात तर परत यायचंय.

त्या सकाळी अब्बांनी इन्सुलिन घेतलं होतं, पण घाईत नाश्ता अर्धाच झाला होता. होडीसाठी रांग मोठी. उन्हात तास-दीड तास गेला. शेवटी शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचलो. होडी हलत होती, पायऱ्यांवर शेवाळ होतं. होडीवाल्याने हात धरून एकेकाला उतरवलं. आत मुलं कलाल बांगडी तोफेकडे पळाली. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं बघून अब्बा थक्क झाले. "जंजिरा म्हणजे जझीरा, अरबीत बेट," ते नातवंडांना सांगू लागले. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, त्यांचं संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं, असंही सांगत होते. सांगता सांगता त्यांचे शब्द अडखळायला लागले. हात थरथरत होते. कपाळ घामाने डबडबलं होतं. ते एका दगडावर बसले आणि मलाच विचारू लागले, "आपण जालन्याला आलो का?"

शुगर उतरली होती. मी पर्स उघडली. मोबाईल, तस्बीह, सेफ्टी पिना, कंगवा. गोड म्हणून एक कणही नाही. बॅग समोरच्या किनाऱ्यावर जीपमध्ये, मध्ये समुद्र, आणि होडी तिच्या वेळेलाच येणार. जवळ दुकान दिसेना. माझे हातपाय गळाले.

बाजूला सोलापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी काही न विचारता मुलाच्या दप्तरातून ग्लुकोजची पुडी काढली. बाटलीच्या पाण्यात तीन चमचे घालून अब्बांना घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत त्यांचे डोळे ठिकाणावर आले. मग त्यांनीच दिलेली बिस्किटं अब्बांनी खाल्ली. त्या ताईंचं नावही विचारायचं राहिलं. अल्लाह त्यांना खुश ठेवो.

परतताना अब्बा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तू सगळं आणलंस. पण मी होतो तिथं काहीच नव्हतं."

हे वाक्य मी भाचीला जसंच्या तसं सांगितलं. सामान किती घेतलं याला फार महत्त्व नाही. मोठ्या बॅगा खोलीवर राहतात, गाडीत राहतात, कधी विमानात चुकतात. बेटावर आपल्या उपयोगी पडतं ते फक्त हातातल्या पिशवीतलं.

तर त्या पिशवीत काय असावं? शुगरवाल्यांसाठी साखर किंवा ग्लुकोज आणि बिस्किटं. हात थरथरले, दरदरून घाम आला की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची आणि मग काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वास अडकतो. लगेच मदत बोलवायची. आपल्याकडे ११२ नंबर आहे, सायप्रसलाही ११२च.

इन्सुलिन विमानात सामानात टाकायचं नाही, तिथं ते गोठू शकतं. हातातच ठेवायचं. उन्हात उभ्या गाडीतही नको आणि बर्फाला चिकटूनही नको. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असावं. कंपनीचं नाव परदेशात कोणाला कळेलच असं नाही. आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं की जेवणाची वेळ चुकली तर डोस कसा घ्यायचा. आम्ही तेवढंच विचारलं नव्हतं.

उन्हाचंही सांगितलं. आम्ही बुलढाण्याची माणसं ४२-४३ अंशांत वाढलेली, आम्हाला कोकणचं ऊन काय करणार, असं वाटायचं. पण आपल्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं. म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दुपारी बारा ते चार सावलीत बसावं. आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केलं, जोहर आणि असर कसर करून खोलीवरच पडून राहिलो.

त्या संध्याकाळी आणखी एक प्रसंग घडला. आमचा धाकटा विहिरीत पोहायला शिकलेला, म्हणून समुद्रात जायला उतावीळ. किनाऱ्यावरच्या एका कोळी काकांनी त्याला अडवलं. "आता ओहोटी आहे, पाणी आत ओढतं." त्यांनीच सांगितलं, १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याच्या कॉलेजची सहलीला आलेली १४ मुलं-मुली याच मुरूडच्या समुद्रात बुडाली. विहिरीचं पाणी एका जागी असतं, समुद्राचं चालतं. ओढीत सापडलं तर तिच्याविरुद्ध हातपाय मारून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. मुलगा घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला, रात्रभर माझ्याशी बोलला नाही. चालेल मला.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी थोडी असते, म्हणून माणूस तिथं गाफील राहतो. पण वारा सुटला की लाटा आणि ओढ तिथंही असते. लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय नको. होडीत जॅकेट नुसतं खांद्यावर न टाकता पट्टे आवळावेत. आपल्या बायकांनी तर जास्तच जपावं. बुरखा, ओढणी भिजली की जड होते, पायात अडकते. उतरताना ओढणी पिनने लावावी, पायात न घसरणारे बूट असावेत.

शेवटी भाचीला म्हटलं, लारनाकाला जाशील तर मिठाच्या तळ्याकाठी हजरत उम्मे हराम (रजि.) यांची कबर आहे, तिथं फातिहा पढ. त्या हजरत अनस (रजि.) यांच्या खाला. हिजरी २८च्या सुमारास समुद्र पार करून त्या सुखरूप सायप्रसला पोहोचल्या आणि तिथं जमिनीवर, सवारीवरून पडून त्यांचं निधन झालं. मौत अल्लाहच्या हातात आहे. पण सासूबाईंना होडीतून उतरवताना त्यांचा हात धरणं तुझ्या हातात आहे.

आमच्या घरी ती छोटी पिशवी आता दारामागे टांगलेली असते. अब्बांना डॉक्टरांकडे जालन्याला जायचं असलं, तरी ते चप्पल घालण्याआधी विचारतात, "पिशवी घेतली का?"