एक गज जुना, एक गज नवा

"बाई, तुमचा विषय नक्की कोणता? प्राचीन वाङ्मय की अर्वाचीन?"

मुलाखत घेणाऱ्या मंडळींतल्या एका गृहस्थांनी हे विचारले आणि माझ्या घशाला कोरड पडली. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. पहिल्या तासाला 'लीळाचरित्र', तिसऱ्या तासाला मर्ढेकर आणि मधल्या तासाला चहा, हे माझे वेळापत्रक. "दोन्ही," असे मी म्हणाले. गृहस्थ हसले. "म्हणजे धड एकही नाही," हे वाक्य त्यांच्या ओठांवर आले होते. सभ्य माणूस, त्यांनी ते गिळले. मला मात्र ते स्पष्ट ऐकू आले.

घरी आले ती तेच घोकत. माझ्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. तो पाश्चात्य पद्धतीचे व्हायोलिन शिकतो आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च आमच्या बरोबरीने शेजारीही सोसतात, कानांनी. माझा चेहरा पाहून त्याने काही विचारले नाही. आपली ती कानांवर चढवायची टोपी माझ्या डोक्यात घातली आणि म्हणाला, "मावशी, डोळे मीट."

एकटे व्हायोलिन वाजत होते. चार स्वर पायऱ्या उतरल्यासारखे खाली आले. पुन्हा तेच चार. पुन्हा तेच. वरती काय काय घडत होते, पण पायऱ्या त्याच.

"हे किती वेळा?" मी विचारले.

"पासष्ट वेळा. मोज."

मग त्याने दुसरे काही लावले. एक बाई गात होती आणि तिच्या भोवती व्हायोलिन खरवडत, कुजबुजत, मध्येच किंचाळत होते. मी सावरून बसेपर्यंत तुकडा संपलासुद्धा! "हे कोण वाजवतंय?" मी जरा रागानेच म्हटले.

"तीच. इझाबेल फाउस्ट."

त्या रात्री मी या बाईंचा पिच्छा पुरवायचे ठरवले. मनात म्हटले, ह्यांना कोणी विचारले असेल का, बाई तुमचा विषय कोणता?

फाउस्टबाई १९७२ साली जर्मनीत, एस्लिंगेन गावी जन्मल्या. अकराव्या वर्षीच त्या भावाबरोबर चार वाद्यांच्या चौकडीत वाजवू लागल्या. १९८७ साली आउग्सबुर्गची लेओपोल्ड मोझार्ट स्पर्धा त्यांनी जिंकली आणि १९९३ साली जेनोआची पागानिनी स्पर्धा. पागानिनीचे बक्षीस मिळवलेल्या मुलीपुढे रस्ता आखून ठेवलेला असतो. मेंडेल्सोन, ब्राम्स, चायकोव्स्की वाजवायचे, मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभे राहायचे आणि टाळ्या घ्यायच्या. ते त्यांनीही केले, नाही असे नाही. पण १९९७ साली ज्या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव झाले ती होती बार्टोकची; आणि पुढे एकीकडे बाखचे एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेले संगीत, तर दुसरीकडे पेटर ओट्व्होश यांचे 'आल्हाम्ब्रा', जे २०१९ साली ग्रानाडात प्रथम वाजले ते ह्यांच्याच हातून. एकाची सुवाच्य प्रत १७२० सालची, दुसऱ्याची शाई ओली.

हे ऐकायला सोपे वाटते. भाच्याने मला दोन गज हातात देऊन समजावले तेव्हा कळले, की ही दोन दुकाने चालवण्याची गोष्ट नाही, दोन शरीरे बाळगण्याची आहे. हल्लीच्या गजाची काठी आत वळलेली असते. तिला ते रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या तूर्त नावाच्या कारागिराने दिले. जुना गज धनुष्यासारखा बाहेर फुगलेला आणि हलका. त्याने स्वर लांबच लांब ताणता येत नाही. प्रत्येक स्वर उच्चारावा लागतो आणि सोडून द्यावा लागतो, बोलल्यासारखा. तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे आपली तात. हवा दमट झाली की लगेच रुसणाऱ्या. हनुवटी टेकवायची पट्टीही नाही, ती १८२० च्या सुमारास आली. शिवाय पट्टी खाली. आज ज्या स्वराची कंपने सेकंदाला ४४० च्या आसपास धरतात, तो जुन्या संगीतासाठी बहुधा ४१५ वर लावतात. डोळ्यांना कागदावर एक स्वर दिसतो आणि कानाला अर्ध्या पायरीने खालचा ऐकू येतो. ज्याचा कान पक्का, त्याचे हाल जास्त!

पासष्ट वेळा उतरणाऱ्या त्या चार स्वरांचा धनी हाइनरिख बीबर. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला हा वादक १७०४ साली वारला. गंमत अशी, की फाउस्टबाईंना वाजवायला मिळालेले स्ट्रादिवारी व्हायोलिनही १७०४ सालचेच. एका जर्मन बँकेच्या मालकीचे. बराच काळ न वाजवता पडून राहिले म्हणून त्याचे नाव 'स्लीपिंग ब्यूटी'. बीबरच्या ज्या वहीच्या शेवटी ही रचना आहे, तिच्यात येशू आणि मेरी यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर पंधरा सोनाटे आहेत. जपमाळेच्या पंधरा ध्यानांसाठी पंधरा. वहीचे मुखपृष्ठच हरवलेले. ती म्यूनिकच्या ग्रंथालयात पडून होती आणि छापून निघाली थेट १९०५ साली.

पण मी उठून बसले ते पुढचे वाचून. पहिला सोनाटा सोडला तर बाकी चौदांना व्हायोलिनच्या तारा दर वेळी निराळ्या सुरांत लावायच्या. कागदावर लिहिलेले असते ते बोट कुठे ठेवायचे एवढेच. वाजणारा स्वर वेगळा. नेहमीसारखे जुळवलेले व्हायोलिन घेऊन ते पान वाजवाल तर नुसती बडबड निघेल. अकराव्या, पुनरुत्थानाच्या सोनाट्यात तर मधल्या दोन तारा अक्षरशः एकमेकींवरून नेऊन क्रूस करायचा!

अहो, ही तर आमची सकळ लिपी! महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उकलीपर्यंत बाहेरच्यांना ती अक्षरे म्हणजे नुसती बडबडच होती. तारा लावून घेतल्याशिवाय वाचायचे नाही, हा धडा मी पहिल्या तासाला शिकवते, फक्त व्हायोलिनचे नाव न घेता.

आणि तो दुसरा, किंचाळणारा तुकडा? तो हंगेरियन संगीतकार ग्यॉर्ग कुर्ताग यांचा. काफ्काच्या डायऱ्यांतून आणि पत्रांतून उचललेल्या वाक्यांवर त्यांनी १९८५ ते १९८७ या काळात चाळीस तुकडे रचले. काही अर्ध्या मिनिटातच संपतात. फाउस्टबाईंनी ते आना प्रोहास्का या गायिकेबरोबर ध्वनिमुद्रित केले; ती ध्वनिमुद्रिका २०२२ साली निघाली, आणि पुढच्याच वर्षी तो बीबर. यातल्या एका तुकड्यात एक नर्तकी ट्राममधून दोन व्हायोलिनवाले बरोबर घेऊन हिंडते. तिथे वादिकेला दोन व्हायोलिने लागतात, आणि त्यांतले एक निराळ्या सुरांत लावलेले. तीनशे वर्षे ओलांडून आले तरी बाई पुन्हा खुंट्याच पिळत उभ्या!

जुन्या पानावर फार थोडे लिहिलेले असते. हळू की जोरात, कुठे थांबावे, कोणती हरकत घ्यावी, सारे वाजवणाऱ्यावर. नव्या पानावर इतके लिहिलेले असते की डोळे फिरतात. मधल्या काळाचे संगीत गुरूच्या हातून शिष्याच्या हातात सवयीने येते; ह्या दोन टोकांना सवय कामाला येत नाही. विरामचिन्ह नसलेली पोथी आणि विरामचिन्हांनी भंडावणारी नवी कविता, दोन्ही मुलांपुढे ठेवताना मलाही ओळीओळीला विचारावे लागते की हात कुठे ठेवू. किंमत मात्र आहे. महिनोन्महिने घोटलेली नवी रचना कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच वाजते, आणि सभागृह अर्धे रिकामे असले तरी गज त्याच निगुतीने धरावा लागतो. माझ्या 'लीळाचरित्रा'च्या तासाला सात मुले असतात. पाऊस असला तर चार.

मुलाखतीचे उत्तर गेल्या महिन्यात आले. आले ते अपेक्षेप्रमाणेच. जेवणे झाल्यावर मी दिवा मालवला आणि कानांवर ती टोपी चढवून बसले. आमचे हे पाणी प्यायला उठले, दारात थांबले.

"अजून तेच चाललंय का गं?"

"नाही," मी म्हटले, "हे तीनशे वर्षं पुढचं आहे."

ते कोचावर येऊन बसले. "बघू, दे इकडे. त्या पायऱ्यांचंच लाव पण."