तिसरा की चौथा, हे कोणी ठरवायचं?

पोर्शेनं २०१३ साली ९११ जीटी३ची नवी पिढी आणली, तेव्हा तिच्यात क्लचचं पेडलच नव्हतं. पीडीके नावाचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, एवढीच सोय. त्यामागचा हिशेब सरळ होता. ही गाडी ट्रॅकसाठी, ट्रॅकवर घड्याळ चालतं, आणि माणसाच्या हातापायांपेक्षा हा गिअरबॉक्स लवकर गिअर बदलतो. चाहते मात्र रुसले. तीन वर्षांनी त्याच कंपनीनं ९११ आर काढली, ती फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. ९९१ गाड्या बनवल्या, त्या हातोहात गेल्या आणि लगेच मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या जाऊ लागल्या. २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअल परत आला. तेव्हापासून स्पोर्ट्स कारबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक घड्याळ दाखवतो, दुसरा ‘चालवण्याची मजा’ म्हणतो आणि पुढे काही समजावून सांगत नाही. मी मॅन्युअलच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही. कोणत्या गाडीत मॅन्युअल घ्यावा आणि कोणत्या गाडीत तो निव्वळ शोभेचा ठरतो, हे सांगता यायला हवं, आणि ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं असं मला वाटतं.

गिअर बदलणं हे एक काम नाही, दोन आहेत. कोणता गिअर आणि कधी, हा निर्णय. आणि क्लच, दांडा, रेस यांची जुळणी करून तो निर्णय अमलात आणणं, ही कृती. कृतीत यंत्र माणसाला केव्हाच मागे टाकून गेलं. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच जोडून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ खंडित होत नाही. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद आहे तो निर्णयाचा. गाडी आणि रस्ता मिळून चालकापुढे असा प्रश्न टाकतात का, की ज्याचं उत्तर चुकलं तर फरक पडेल? पडत असेल, तर मॅन्युअल घेण्याला कारण आहे. नसेल, तर डावा पाय उगाच का दमवायचा?

वेगात वळणाकडे जाणाऱ्या गाडीत काय घडतं ते पाहू. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आहे. गाडी चौथ्यात आहे आणि वळणातून बाहेर पडताना तिसरा लागणार आहे. चौथ्याचं गुणोत्तर १.२ आणि तिसऱ्याचं १.६ धरलं, तर त्याच वेगाला इंजिनाचे मिनिटाला ४,५०० फेरे असतील ते तिसऱ्यात ६,००० व्हायला हवेत. ही १,५०० फेऱ्यांची तफावत कोणी तरी भरून काढावी लागते. चालकानं भरून काढली नाही, तर क्लच सोडताच ती मागच्या चाकांवर येते. चाकं क्षणभर अडखळतात, आणि नेमक्या त्याच वेळी गाडीचं वजन ब्रेकमुळे पुढे झुकून मागची बाजू हलकी झालेली असते. म्हणून क्लच दाबलेला असतानाच, ब्रेकवरचा दाब जराही न हलवता, त्याच पायाच्या कडेनं किंवा टाचेनं ॲक्सिलरेटरला एक ठोका द्यायचा, इंजिन वर आलं की दांडा तिसऱ्यात, आणि क्लच अलगद वर. सगळं मिळून एक सेकंदही जात नाही. पण हे सगळं स्टिअरिंग वळवण्याच्या आधी उरकावं लागतं. समेवर यायचं तर तिहाई कुठून उचलायची हे आधी ठरलेलं असावं लागतं, तसं हे आहे. वळणात शिरल्यावर ‘अरे, तिसरा हवा होता’ हे लक्षात आलं, तर आता हात स्टिअरिंगवर हवा आणि पाय स्थिर हवा. चुकलेल्या गिअरसकट वळण पार करणं एवढंच उरतं. मॅन्युअल ज्या गोष्टीची सवय लावतो ती हातचलाखी नव्हे. पुढच्या दोनशे मीटरचा विचार आत्ता करायची ती सवय आहे. आणि ती लागते, कारण चुकीची किंमत मोजावी लागते.

पण ही किंमत प्रत्येक गाडीत सारखी नसते, आणि खरेदी करणारे हेच विसरतात. २०२१च्या जीटी३चं चार लिटरचं इंजिन टर्बोशिवायचं आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क, ४७० न्यूटन मीटर, ६,१०० फेऱ्यांवर मिळतो. सर्वाधिक ताकद ८,४०० वर. आणि इंजिन ९,००० पर्यंत फिरतं. म्हणजे ३,५०० वर असलेली गाडी आणि ६,५०० वर असलेली गाडी या जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या. तिथे चौथा की तिसरा हा खरा प्रश्न आहे. आता बीएमडब्ल्यूची एम२ घ्या. तीन लिटरचं इंजिन, दोन टर्बो. ५५० न्यूटन मीटर २,६५० पासून ५,८७० पर्यंत सपाट. तिसऱ्यात जा की चौथ्यात, गाडी ओढतेच. गिअर चुकला तरी टर्बो सांभाळून घेतो. एम२मध्ये मॅन्युअल मिळतो, भारतातही तो मिळाला, आणि बीएमडब्ल्यूनं तो ठेवला याबद्दल मला कौतुकही आहे. पण त्या गाडीत गिअरचा दांडा जे प्रश्न विचारतो त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं इंजिननं आधीच देऊन टाकलेली असतात. याच न्यायानं माझ्या लेखी आजची सर्वांत नेमकी मॅन्युअल गाडी कोणती असेल तर ती माझ्दाची एमएक्स-५. दोन लिटर, १८४ अश्वशक्ती, तीही ७,००० फेऱ्यांवर, वजन जेमतेम टनाच्या आसपास. ताकद एवढी बेताची, की चुकीच्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडलात तर पुढची सरळ पट्टी संपेपर्यंत ती चूक सोबत राहते.

इंजिनाइतकीच गुणोत्तरंही तपासावीत. पोर्शेच्याच ७१८ केमन जीटी४मध्ये इंजिन उत्तम, दांड्याचा फेका आखूड आणि खणखणीत, पण गिअर इतके लांब की दुसऱ्यातच गाडी ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्या ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात अशी गाडी नेली, तर कायदा आणि शहाणपण सांभाळून दुसरा गिअर संपायचाच नाही. सुंदर दांडा, आणि त्याला हात लावायला कारण नाही! मॅन्युअल मिळतो एवढ्यावर हुरळून जाणाऱ्यांनी हा तपशील आधी पाहावा.

घड्याळवाल्यांचा आक्षेप आता घेऊ. त्याच २०२१च्या जीटी३मध्ये पीडीके गाडी शून्यापासून शंभरला ३.४ सेकंदांत जाते, मॅन्युअल ३.९ मध्ये. अर्धा सेकंद ट्रॅकवर मोठा असतो, हे मान्य. गंमत म्हणजे कमाल वेग मॅन्युअलचा किंचित जास्त, ३२० विरुद्ध ३१८, आणि वजनही १७ किलोंनी कमी. पण मला याहून बोलका वाटतो तो न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकवरचा आकडा. २०.८ किलोमीटरच्या त्या फेरीत २०२१च्या पीडीके जीटी३नं ६ मिनिटं ५९.९ सेकंद घेतली होती. २०२५ साली सुधारित जीटी३ मॅन्युअल गिअरबॉक्ससह त्याच फेरीत ६ मिनिटं ५६.३ सेकंदांत पोचली. ताकद तेवढीच, टायर, सस्पेन्शन आणि वायुगतिकी यांच्यावरची चार वर्षांची मेहनत गिअरबॉक्सचा तोटा भरून काढून वर साडेतीन सेकंद देऊन गेली. याचा अर्थ मॅन्युअल जलद आहे असा मुळीच नाही. नवी पीडीके गाडी तशाच टायरवर त्याहून पुढे जाईल. अर्थ इतकाच, की घड्याळच पाहायचं असेल तर गिअरबॉक्सच्या आधी टायरवर पैसे घाला. आणि शर्यतीत उतरणार असाल, दुसऱ्याशी खरंच सेकंदांचा हिशेब असेल, तर हा लेख इथेच ठेवून पीडीके घ्या. तिथे माझं म्हणणं लागू नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर चालकच निवडतो ना? मग निर्णय त्याचाच राहिला, फक्त कष्ट गेले. पॅडलचा जन्मच शर्यतीत झाला आहे. जॉन बर्नार्डनं रचलेली फेरारी ६४० हा गिअरबॉक्स घेऊन १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलनं तिच्यात जिंकली. १९९७ला एफ३५५मधून तो फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत आला. पॅडलवाल्या चालकाचं कसब कमी असतं असं म्हणणं हा अडाणीपणा होईल. त्याचा डावा पाय मोकळा होतो, तो त्या पायानं ब्रेक मारायला शिकतो, आणि वळणात शिरताना ब्रेकचा दाब केसाकेसानं सोडण्याची त्याची हातोटी क्लच सांभाळणाऱ्याला सहसा साधत नाही. पण गिअरपुरतं पाहिलं तर निवडीचं वजन बदललं आहे. पॅडल दोनदा ओढलं आणि वेग जास्त असेल तर संगणक नकार देतो. रेसची जुळणी तो करतो. वळणाच्या मध्यावर गिअर बदलावासा वाटला तर तेही निभावतं. मॅन्युअलमध्ये पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर इंजिनाची वेगमर्यादा सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्सही हतबल असतं, कारण आता चाकंच इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडायची वेळ येऊ शकते. यंत्र जी चूक होऊच देत नाही, ती टाळायला कोणी शिकत नाही. हे वाईट आहे असं नाही, पण कला म्हणून ते वेगळं आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. कॅडिलॅकनं १९२८ साली सिंक्रोमेश आणला, तेव्हा दोनदा क्लच दाबून गिअर टाकायची विद्या हळूहळू मागे पडली. आज तिच्यासाठी कोण रडतं? उद्या क्लचसाठीही कोणी रडणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मॅन्युअलप्रेमींचं निम्मं बोलणं स्मरणरंजन असतं हेही खरं. पण सिंक्रोमेशनं गिअरमधली खरखर काढली, निर्णयाला हात लावला नाही. कोणता गिअर, कधी, हे १९२७ला चालकच ठरवायचा आणि १९३७लाही तोच ठरवत होता. स्वयंचलित गिअरबॉक्स निर्णयच स्वतःकडे घेतो. शिवाय ज्या मॅन्युअल गाड्यांत आज यंत्र आपोआप रेस जुळवून देतं (निस्साननं २००९च्या ३७०झेडमध्ये ही सोय आणली) त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. बटण बंद करता आलं की झालं.

राहता राहिला आपला रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, आणि शहरात चांदणी चौकापासून कर्वे रस्त्यापर्यंत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला. स्पोर्ट्स कारचा क्लच बहुधा जड असतो, आणि अशा गर्दीत अर्ध्या क्लचवर रेंगाळण्यात पायही जातो नि क्लचप्लेटही. एकच गाडी असेल आणि ती रोज ऑफिसला न्यायची असेल, तर मी मॅन्युअलचा आग्रह धरणार नाही. पण मग स्वयंचलितांतही डोळसपणे निवडावं. कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला अशा रांगण्यालाच बनलेला. बीएमडब्ल्यूच्या एम विभागानं गेल्या काही वर्षांत दुहेरी क्लच सोडून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर स्वीकारला, तो उगाच नाही. आपल्याकडे तर बऱ्याचदा निवड उरतच नाही. २०२५ला भारतात आलेली गोल्फ जीटीआय डीएसजी या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्येच आली, कारण त्या गाडीचा मॅन्युअल जगभरातच बंद झाला होता.

विजेच्या गाड्यांनी या वादाला अनपेक्षित फाटा फोडला आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये गिअर नाहीतच, तरी चालकाला हवं असेल तर गाडी आठ गिअर असल्याचं सोंग आणते. पॅडल ओढा, धक्का बसतो; वरचा गिअर वेळेत टाकला नाही तर नसलेलं इंजिन मर्यादेला जाऊन अडखळतं. यावर हसणारे बरेच आहेत. मला त्यात एक कबुली दिसते: सगळं सुकर झाल्यावर लोकांना थोडी अडचण पुन्हा विकत हवी आहे. फक्त ही अडचण एका बटणानं विरून जाते, आणि ते बटण कुठे आहे हे चालकाला ठाऊक असतं.

गाडी घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला शून्य ते शंभर विचारू नका. इंजिनाचा टॉर्क कोणत्या फेऱ्यांपासून कोणत्या फेऱ्यांपर्यंत सपाट आहे, आणि दुसरा गिअर किती वेगाला संपतो, हे विचारा. दोन्ही आकडे कागदावर असतात, सहसा कोणी वाचत नाही. मग टेस्ट ड्राइव्हला एखादी रिकामी चढण शोधा, मुद्दाम एक गिअर वरचा ठेवून ती चढा, आणि परत येऊन बरोबरच्या गिअरमध्ये चढा. दोन्ही वेळा गाडी सारखीच गेली, तर ऑटोमॅटिकवर सही करायला हरकत नाही.