शंभर येनचा निकाल

टोकियो स्टेशनवरून यामानोते लाइन पकडायची, दुसऱ्या स्टेशनवर उतरायचं आणि 'इलेक्ट्रिक टाउन' लिहिलेल्या गेटनं बाहेर पडायचं. बस्स, आलं अकिहाबारा! महायुद्धानंतर इथे रेडिओचे सुटे भाग विकणारे बसायचे. आपला लॅमिंग्टन रोड डोळ्यांसमोर आणा, त्यावर निऑनचे दिवे चढवा आणि मजल्यामजल्यावर गेम भरा... झालं! गेमवेड्यांची पंढरीच ही. पण नुसतं शॉपिंग करून परतू नका. नवा गेम कसा पारखावा, हे इथे फुकटात शिकायला मिळतं. म्हणजे, जवळजवळ फुकटात.

पहिली परीक्षा: बोटांची

आर्केडमध्ये शिरा. एका खेळाचा दर बहुतेक ठिकाणी 100 येन, म्हणजे आपले 50-60 रुपये. 1978च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून रुळलेला हा आकडा अजून टिकून आहे. आता गंमत बघा. नवखा माणूस तीन मिनिटांत हरतो. हरल्यावर काय करतो? "छे, माझंच चुकलं, अजून एकदा!" म्हणत खिशात हात घातला, तर गेम पास. "ह्यॅ, मशीननंच मारलं" म्हणत उठला, तर नापास. मग ग्राफिक्स कितीही चकाचक असू देत! बटण दाबल्याबरोबर पात्र हलतं का, आपण का हरलो ते कळतं का, हे ट्रेलरमध्ये दिसत नाही. ते बोटांनाच कळतं.

कंपन्याही हे ओळखून आहेत. नवा आर्केड गेम सगळीकडे पाठवण्याआधी तो निवडक ठिकाणी काही दिवस मांडतात. याला म्हणतात 'लोकेशन टेस्ट', जपानी पोरांच्या भाषेत 'रोकेते'. लोक रांगा लावून खेळतात, मतं लिहून देतात आणि कंपनी त्यावरून दुरुस्त्या करते. इथला गिऱ्हाईक म्हणजे परीक्षकच!

दुसरी परीक्षा: गुणांची

दुकानात 'फामित्सु' चाळा. 1986 साली सुरू झालेल्या या नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी 10पैकी गुण देतात, एकूण 40. पैकीच्या पैकी मिळवणारा पहिला गेम होता 1998चा 'झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम'. उलट टोकाला आहे 'कुसोगे' ही जमात, म्हणजे निव्वळ भिकार गेम. त्यातला गाजलेला नमुना 1986चा 'ताकेशी नो चोसेनजो'. विनोदवीर आणि दिग्दर्शक ताकेशी कितानो यांच्या कल्पनेतून आलेला. यात एका ठिकाणी बटणाला हात न लावता चक्क तासभर थांबावं लागतं! तरी जुन्या गेमच्या दुकानांत हा आवर्जून शोधणारे शौकीन आहेतच.

तिसरी परीक्षा: काळाची

तीन मिनिटांत 60 तासांचा गेम कळत नाही, हेही खरं. आणि गुणही फसवतात. 'सायबरपंक 2077' डिसेंबर 2020मध्ये आला, तेव्हा आधीची परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती आणि गुण भरघोस. प्लेस्टेशन 4वर मात्र तो इतका अडखळला, की आठवडाभरातच सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परतला जून 2021मध्ये. सप्टेंबर 2023च्या मोठ्या अपडेटनंतर त्याच गेमचं लोक कौतुक करायला लागले. तेव्हा गुण वाचताना दोन प्रश्न विचाराच: कोणत्या मशीनवर खेळून दिले आणि कधी?

यावर अकिहाबाराचा उपाय म्हणजे सेकंड हॅण्ड दुकानं. जुना गेम ती किती येनला परत घेतात, याच्या याद्या लावलेल्या असतात. महिन्याभरात भाव गडगडला, तर समजा पुष्कळांनी गेम विकायला काढलाय. अर्थात भरपूर खपला म्हणूनही भाव पडतो. त्यामुळे हा आकडा एकटा धरू नका.

घाई करा, मंडळी

ही शाळा आक्रसतेय. जपानमध्ये विक्रीकर 1989 साली 3 टक्के होता, 2019मध्ये 10 झाला. पण 110 येनचं नाणं कुठून आणणार? बोजा मालकावर. त्यात कोविड आला. 30 ऑगस्ट 2020ला अकिहाबारातलं सेगाचं 'बिल्डिंग 2' बंद झालं. 2022मध्ये सेगानं आर्केड धंद्यातला उरलेला हिस्साही विकला आणि पाट्यांवर 'गीगो' हे नाव आलं. आर्केड बंद पडतात तेव्हा 50 रुपयांत गेम पारखायची सोय जाते. मग उरतो तो ट्रेलर, आणि तो बघून कार्डावर चार-पाच हजारांचा फटका!

जाणार असाल तर...

आर्केडमधल्या मशीनमधून 1000 येनच्या नोटेची सुट्टी करून घ्या. बसण्याआधी दुसऱ्याचा एक डाव बघा. मग 10 नाणी 10 वेगवेगळ्या गेममध्ये घाला. अकरावं नाणं कुठे घालावंसं वाटतं, ते लक्षात ठेवा. घरी परतल्यावर नवा गेम घेताना हाच प्रश्न विचारा.