करी रोडहून दुपारचं विमान

करी रोड हे मध्य रेल्वेचं धिम्या गाड्यांचं स्टेशन. एका बाजूला चिंचपोकळी, दुसऱ्या बाजूला परळ. जलद लोकल इथे थांबत नाही, धडधडत निघून जाते. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर इथला नवा पादचारी पूल लष्कराच्या जवानांनी बांधला आणि २०१८च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. स्टेशनचं नाव लालबाग करावं असा ठराव विधिमंडळाने २०२४ मध्ये केला, पण आमच्या घरात अजून करी रोडच म्हणतात.

इथल्या माणसाला एक सवय आहे. जी पहिली गाडी येईल ती पकडायची, पुढची रिकामी असेल या आशेवर थांबायचं नाही. विमानाचं तसं नाही. तिथे तिकिटावर लिहिलेलं विमान तेवढंच आपलं. मग घाई असेल तर त्याच दिवशीच्या आधीच्या विमानात जागा मिळते का? गेल्या वर्षी फेब्रुवारीत हा प्रश्न आमच्यावर आला.

नागपूरला मोमिनपुऱ्यात माझे मामू आजारी होते. त्यांना भेटायला अम्मीची आणि माझी संध्याकाळी पावणेसातच्या विमानाची तिकिटं काढलेली होती. त्याच दिवशी फजरच्या सुमारास फोन आला, मामूंचा इंतकाल झाला. दफन असरनंतर. मय्यत जास्त वेळ ठेवू नये हे अम्मीलाच सर्वांत आधी पटतं, त्यामुळे थांबा असं ती म्हणणार नव्हती. भाच्याने एवढंच सांगितलं, "असरची जमात पाचला आहे, तोपर्यंत घरीच आहोत." आमचं विमान उतरणार सव्वाआठला. कब्रस्तानात अम्मी जाणार नव्हतीच. तिला भावाचा चेहरा एकदा पाहायचा होता, आणि तो घरातच पाहता येणार होता.

दुपारी एक पन्नासला एक विमान होतं, त्याच कंपनीचं. मोबाइलवर ते भरलेलं दिसत होतं. रेल्वेने पाचच्या आत नागपूर गाठणं शक्य नव्हतं, समृद्धी महामार्गाने खात्री नव्हती. मी म्हटलं, विमानतळावरच जाऊन बघू.

करी रोडहून धिमी लोकल धरून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, म्हणजे टर्मिनल दोन. टॅक्सीच्या भरवशावर राहण्यापेक्षा हा रस्ता मला खात्रीचा वाटला. सामान आम्ही मुद्दाम कमी केलं. दोघांच्या दोन लहान बॅगा, प्रत्येकी सात किलोच्या आत, हातात नेण्याजोग्या. आधीच्या विमानासाठी प्रयत्न करायचा तर बॅग काउंटरवर देऊन मोकळं होऊ नये. ती एकदा संध्याकाळच्या विमानाला लागली की परत काढायला वेळ जातो.

अमेरिकेत याला स्टँडबाय म्हणतात. तिथे वाट पाहणाऱ्यांची यादी गेटवरच्या पडद्यावर झळकते. आपल्याकडे देशातल्या प्रवासात तशी यादी मला कुठे दिसली नाही. आपल्याला रेल्वेची आरएसी माहीत आहे, तिच्यात निदान अर्ध्या बर्थवर बसून जाता येतं. विमानात खुर्ची आहे किंवा नाही, मधलं काही नाही. मात्र तिकीट काढूनही न येणारे लोक असतात. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि कोण आलं नाही ते तेव्हाच कळतं.

कंपनीच्या खिडकीवर आम्ही पावणेअकराला पोहोचलो. तिथल्या मुलीने ऐकून घेतलं, मयताचं कळल्यावर आवाज खाली आणला आणि स्पष्ट सांगितलं, "आता एकही सीट नाही. भाड्यातला फरक भरावा लागेल. पावणेएकला परत या. शब्द देत नाही." मला हे आवडलं. खोटी आशा दाखवणाऱ्यापेक्षा असं माणूस बरं. (पक्कं तिकीट असूनही जागेअभावी कुणाला चढू दिलं नाही, तर विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. कंपनीने आधी राजीखुशीने मागे राहणारे शोधावेत. तरीही कुणाला थांबवावं लागलं आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी, चोवीस तासांच्या आतल्या विमानासाठी कमाल १०,००० रुपये आणि त्यानंतरच्या विमानासाठी कमाल २०,०००. आमच्यासारख्या लवकर जाऊ पाहणाऱ्यांना यातलं काही लागू नाही.)

दोन तास अम्मी बाकावर तसबीह घेऊन बसली. मध्ये एकदाच म्हणाली, "भाईजानने मला सायकल शिकवली होती, मोमिनपुऱ्यातल्या गल्लीत. अब्बांना माहीत नव्हतं."

पावणेएकला खिडकीवर आमच्यासारखे आणखी तिघे उभे होते. दहा मिनिटांनी त्या मुलीने मान वर केली. आमच्या वाट्याला एकच सीट होती.

दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर होती. ती वेगळी करता येतात, हे मला तेव्हा कळलं. एक नाव दुपारच्या विमानावर गेलं, दुसरं संध्याकाळच्यावर राहिलं. अम्मी आयुष्यात एकटी विमानात बसली नव्हती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पैसे भर. नागपूर माझंच गाव आहे."

गेट उड्डाणाच्या पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे हातात जेमतेम अर्धा तास. मुलीने व्हीलचेअर मागवली. अम्मी बिघडली, "मी काय लंगडी आहे?" मी म्हटलं, व्हीलचेअरची रांग वेगळी असते, लवकर पोहोचशील. मग मुकाट्याने बसली, बॅग मांडीवर घेतली आणि मागे वळून न पाहता गेली.

मी टर्मिनलबाहेर फेऱ्या मारत राहिलो. सव्वातीनला भाच्याला फोन केला, तो सोनेगावच्या विमानतळावर उभा होता. चार वाजून दहा मिनिटांनी अम्मीचा फोन आला. मागे बायकांच्या रडण्याचे आवाज होते, तिचा मात्र शांत होता.

"दीदार झाला. झोपल्यासारखे दिसतात. तू उपाशी असशील, काहीतरी खा आणि मग ये."