वडीलधाऱ्यांसह वाई-मेणवली

पावसाळा सरल्यावर पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे ठिकाण म्हणजे वाई. अंतर सुमारे ९० किलोमीटर. खंबाटकी घाट ओलांडून सुरूरपाशी महामार्ग सोडला की ऊस-हळदीची शेते आणि त्यामागे सह्याद्रीच्या रांगा दिसू लागतात. वाईत कृष्णेचे दगडी घाट आणि रास्ते घराण्याने १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. तेथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि एका लहान देवळात टांगलेली चर्चची घंटा पाहावयास मिळते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण.

मात्र सहलीचा विषय निघताच घरातील आजोबा म्हणतात, “तुम्ही जाऊन या.” दुखरे गुडघे हे त्यामागील एक कारण असते, वारंवार लघवीला जावे लागण्याचा संकोच हे त्याहून मोठे, पण न बोललेले कारण असते. आलेच तर ते सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. त्यातून चक्कर येते. हृदयविकार असल्यास धाप लागते. अशा गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

यावर घरच्यांनी करावयाचा उपाय साधा आहे. “दर तासाला आपण सगळेच थांबणार आहोत,” असे आदल्या दिवशीच ठरवून सांगावे. मग आजोबांना कोणापुढे शब्द टाकावा लागत नाही. थांबल्यावर त्यांनी पाय खाली टेकवून मिनिटभर बसावे, मग उठून चार पावले चालावे. त्याने पायांची सूज आणि रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. मधुमेह असल्यास जेवणाची वेळ चुकवू नये आणि साखर जवळ ठेवावी. घाम, थरथर किंवा गोंधळलेपण दिसल्यास ती लगेच द्यावी. बंद गाडी उन्हात फार तापते. तीत इन्सुलिन ठेवू नये आणि वृद्धांना तर कधीच एकटे बसवू नये.

वाई आणि मेणवली एवढेच एका दिवसास पुरे. पसरणी घाटाची वळणे आणि पाचगणी पुढल्या खेपेस. घाटाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून काठी हाती असावी आणि एकाने पुढे, एक पायरी खाली राहावे. शेवाळ असेल तेथे जाऊच नये. उतरणे जमत नसेल तर वरच्या पायरीवर बसूनही कृष्णा दिसते. तेथे त्यांच्यापाशी कोणीतरी बसावे आणि घंटा पाहायला बाकीच्यांनी आळीपाळीने जावे.