अण्णांचा रणगाडा

(द्वितीय वर्ष, कला)

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक अभ्यासू म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्याला श्रीमंत समजतात. पण एकोणीस वर्षांची मुलगी खेळण्यातले रणगाडे जमवते म्हटल्यावर तिला काय म्हणावे, हे कोणालाच सुचत नाही. आमच्या वर्गातल्या मैत्रिणी आधी पोट धरून हसल्या. मग एकीने काळजीने विचारले, "घरी लहान भाऊ आहे का ग?" आहे. पण त्याला मी त्या गाड्यांना हातही लावू देत नाही.

संग्रह म्हणण्याइतका माझा पसारा मोठा नाही. बुटाच्या एका खोक्यात मावतो. सात गाड्या, सगळ्या लष्करी, सगळ्या धातूच्या ओतीव, आणि सगळ्या कोणाच्या तरी बालपणात भरपूर मार खाल्लेल्या. कोणाचे चाक गेले आहे, कोणाचा रंग. पैकी एकीची गोष्ट मला सांगायची आहे.

अण्णा भोसरीला डाय-कास्टिंगच्या मशीनवर आहेत. वितळलेली धातू पोलादी साच्यात दाबाने मारायची, साचा उघडला की भाग बाहेर. एका पाळीत असे शेकडो भाग. शिक्षण सातवी. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या पुस्तकांना आमच्याकडे देव्हाऱ्याच्या शेजारची फळी मिळाली आहे. अकरावीत असताना जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश मिळतो का ते पाहायला रविवारी अण्णांबरोबर पुण्याच्या जुन्या बाजारात गेले होते. एका गोणपाटावर गंजलेले पाने, नळाच्या तोट्या, कुलपे अशा ढिगात हिरव्या रंगाचा एक वीतभर रणगाडा पडला होता. पट्टे तुटलेले, रंग टवके उडालेला. अण्णांनी तो उचलला, तळहातावर जोखला आणि म्हणाले, "जस्त हाय." विक्रेत्याने तीनशे सांगितले, एकशे तीसला दिला. शब्दकोश त्या दिवशी आलाच नाही.

घरी येऊन पोटाखालची अक्षरे वाचली. सेंच्युरियन टँक, मेकॅनो लिमिटेड, मेड इन इंग्लंड. तिथून माझे वेड सुरू झाले.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. तिथे १९३३ च्या अखेरीस छोट्या वाहनांचा सहा नगांचा एक संच निघाला. त्या पहिल्या सहांतच एक रणगाडा होता! १९३४ मध्ये या खेळण्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. माझा सेंच्युरियन हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीतला, १९५४ च्या सुमारास निघालेला. लंडनच्या लेस्नी कंपनीची 'मॅचबॉक्स' मालिका १९५३ ची. तिथल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे, म्हणून त्यांनी तेवढा रस्ता दाबायचा रोलर करून दिला, अशी त्या नावामागची गोष्ट. शाळेचे नियम नेहमीच वाईट नसतात, ते असे.

आता या छंदातली खरी गंमत सांगते, कारण ती समजली नाही तर माझे पुढचे वागणेही समजणार नाही. एकच गाडी कारखान्यातून दहा-पंधरा वर्षे निघत राही, पण पहिल्या वर्षीची आणि शेवटच्या वर्षीची अगदी सारखी नसे. सेंच्युरियनच्या पट्ट्यांखालचे रोलर आधी धातूचे होते, पुढे प्लॅस्टिकचे आले. मॅचबॉक्सची चाके आधी धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, मग काळ्या. आसाचे टोक आधी चिमटलेले, नंतर ठोकून गोल केलेले. डिंकीच्या लष्करी ट्रकना पहिल्यांदा खिडक्यांच्या जागी नुसती भोके होती. १९५६ मध्ये वेल्समध्ये तयार होणाऱ्या 'कॉर्गी'च्या मोटारी खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिकची काच लावून बाजारात आल्या, आणि डिंकीलाही पुढे ती लावणे भाग पडले. संग्राहक या फरकांसाठी जीव टाकतात. भिंगातून रोलर पाहतात आणि गाडीचे वय सांगतात. मीही वहीत रकाने आखले: नाव, क्रमांक, चाके, आस, खिडकी, रंग. माझ्या सेंच्युरियनचे रोलर धातूचे. वहीत ते लिहिताना मला जो आनंद झाला तो अर्थशास्त्राच्या पेपरात एवढे गुण मिळूनही झाला नव्हता.

या छंदाचा एक नियम मात्र फार कडक आहे. मूळ रंगाला हात लावायचा नाही. टवके उडालेला, मळका, कसाही असो. कारखान्यातला रंग तो रंग. नवा रंग दिला की त्या वस्तूची साक्ष संपली.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची सहल अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली. १९९४ पासूनचे हे संग्रहालय. देशोदेशीचे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. तिथे मी खरा सेंच्युरियन पाहिला. पन्नास टनांच्या आसपासचे ते धूड पाहून माझ्या खोक्यातल्या रणगाड्याची मला एकदम लाज वाटली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्याकडे हे रणगाडे होते. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमध्येच लढता लढता गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जन्म पुण्याचा, वय एकवीस. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. परतीच्या बसमध्ये सगळ्या भेंड्या खेळत होत्या, मी खेळले नाही.

घरी आल्यावर हे सगळे मी अण्णांना सांगितले. खरा रणगाडा केवढा असतो, कसा चकचकीत रंगवून ठेवला आहे, आणि आपला कसा फुटका दिसतो. आपला कसा फुटका दिसतो, हे वाक्य मीच बोलले होते. ते मला नंतर आठवले.

पंधरा दिवसांनी सकाळी अण्णा रात्रपाळीहून आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी त्यांनी माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवले. त्या दिवशी माझा वाढदिवस होता. मी कागद सोडला. आत माझा सेंच्युरियन होता. रिमूव्हरमध्ये बुडवून जुना रंग काढलेला. कडेला जोडाची जी बारीक रेघ होती ती कानशीने घासून सपाट केलेली. वर मोटारसायकलच्या टाकीला मारतात तसला गुळगुळीत हिरवा स्प्रे. तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबचे कापलेले नवे पट्टे, तेही इतके नेमके की रणगाडा फरशीवर धावत होता.

मी काय केले? ओरडले. "अण्णा, वाट लावली तुम्ही त्याची! तुम्हांला काय कळतंय यातलं?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पायांतले बूट काढले, जागेवर ठेवले आणि अंघोळीला गेले. फळीवर पुस्तकांना टेकून रणगाडा चकाकत होता. सात इयत्ता शिकलेल्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्याच पैशांनी शिकणाऱ्या मुलीने विचारलेला तो प्रश्न होता. आणि तो ज्या वस्तूबद्दल विचारला होता ती धातू साच्यात दाबून केलेली होती, जे काम हा माणूस बावीस वर्षे करत होता. पण हे शहाणपण आता सुचते आहे. त्या दिवशी मी वहीत 'मूळ रंग' हे शब्द खोडले आणि रडले.

आठवडाभर घरात कामापुरते बोलणे. क्षमा मागावी असे रोज वाटे, पण अण्णा समोर आले की शब्द फुटत नसे. शेवटी एका रात्री अण्णा दुसऱ्या पाळीहून साडेअकराला आले तेव्हा मी जागी राहिले. ताट वाढले, आणि ताटाशेजारी माझ्या दोन मॅचबॉक्स हाफ-ट्रॅक ठेवल्या. पुढे चाके, मागे पट्टे असलेल्या या गाड्या. एकीची चाके आणि रोलर धातूचे, दुसरीचे प्लॅस्टिकचे.

अण्णांनी जेवण होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिले नाही. मग हात धुतले, पुसले, आणि एक उचलून उलटी केली.

"ह्ये गोल गोल ठसे दिसत्यात? ह्या पिना. साचा उघडला की माल ह्याच ढकलून भायेर काढत्यात." मी इतके दिवस भिंगातून पाहत होते, ते ठसे कधी माझ्या रकान्यांत आले नव्हते. "आन् ही रेघ, हितं साच्याचे दोन भाग मिळत्यात." हीच रेघ त्यांनी रणगाड्यावरून घासून काढली होती. त्यांच्या कारखान्यात ती घासणे म्हणजे काम नीट करणे. ती ठेवली तर माल परत येतो.

मग त्यांनी दुसरी उचलली आणि दोघींच्या कडांवरून नख फिरवले. "हिचा साचा थकला व्हता. कडंला बघ, पापुद्रा जाड हाय. ही मागनं निघालेली." त्यांच्या हातात होती ती प्लॅस्टिकच्या रोलरची. नंतरचीच! मी रोलरचे काहीच बोलले नव्हते.

मला राहवेना. लेस्नीच्या राज्याभिषेकाच्या रथाचे छायाचित्र मी मोबाईलवर काढून दाखवले. लेस्नीने हा रथ आधी राजा-राणी दोघांना बसवून केला होता. १९५२ च्या फेब्रुवारीत राजे सहावे जॉर्ज वारले, आणि १९५३ मध्ये अभिषेक झाला तो एकट्या एलिझाबेथ राणीचा. मोठ्या रथातल्या राजाची आकृती कमरेपासून वर काढून टाकण्यात आली. पाय मात्र तसेच राहिले. राणीच्या शेजारी आजही ते दोन पाय बसलेले आहेत.

अण्णा पहिल्यांदा हसले. "खालचं कोण बघतंय म्हणून ठिवले असतील. आगं, साच्यातनं लोखंड कोरून काढणं सोपं, परत घालायचं म्हंजी वेल्डिंग, घासणं, लई कटकट. कोरलं की मालावर धातू वाढती. म्हणून मालावर जादा काय दिसलं, रेघ, पट्टी, अक्षर, तर ते बहुतेक मागनं आलेलं समज." मी हे वहीत लिहून घेतले. अण्णांनी सांगितलेले मी लिहून घेते आहे, हे ते पाहत होते आणि पाहत नाही असे दाखवत होते.

युद्धापूर्वीच्या डिंकी आपोआप फुगतात, तडकतात आणि शेवटी त्यांचा भुगा होतो, हेही मी त्यांना सांगितले. जस्तात शिसे मिसळले गेल्याने आतून कीड लागते आणि तिला उपाय नाही. "आमी आधी जस्तातच व्हतो, कपाटाच्या मुठी करायचो," अण्णा म्हणाले. "भट्टीत कुणी शिशाचा तुकडा टाकला तर मुकादम मारायला धावायचा. तवा कळायचं न्हाई का ते."

मग त्यांनी विचारले, "आता हाय का त्यो कारखाना?"

नाही, म्हटले. बिन्स रोडचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला. कामगारांनी आत शिरून ताबा घेतला, धरणे धरले, पण तो परत सुरू झाला नाही. लेस्नीचेही १९८२ मध्ये दिवाळे निघाले. अण्णा बराच वेळ हातातली गाडी फिरवत राहिले. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचा कारखाना बंद होता तेव्हा ते असेच संध्याकाळी रिकाम्या हातात काहीतरी फिरवत बसायचे.

"त्या मान्सांचं काय झालं पुढं?"

मला सांगता आले नाही. गाड्यांचे क्रमांक मला पाठ आहेत. कोणत्या वर्षी कोणते चाक आले ते मी झोपेतून उठवले तरी सांगेन. ती चाके बसवणाऱ्या एकाचेही नाव माझ्या वहीत नाही.

त्यानंतर मी वहीत एक रकाना वाढवला: 'साचा'. तो भरताना अण्णा शेजारी बसतात. सेंच्युरियनसमोर खोडलेली जागा तशीच रिकामी होती. परवा तिथे लिहिले: "रोलर धातूचे. पट्टे सायकलच्या ट्यूबचे. रंग नवा, भोसरी, दुसरी पाळी."

अण्णांनी चष्मा लावून सावकाश वाचले.

"तिसरी पाळी व्हती," ते म्हणाले. मी दुरुस्त केले.