तळटिपांच्या मागावर, म्हैसुरात

विज्ञानकादंबरी संपादनाला आली की मी आधी तिच्या तळटिपा वाचते. नसलेला ग्रंथ रचायचा लेखकाला पूर्ण हक्क आहे. पण कोणती टीप खरी आणि कोणती रचलेली, हे संपादकाला ठाऊक असलंच पाहिजे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये ‘भाऊसाहेबांची बखर’ येते. बखर खरी. कथेतल्या पानावर विश्वासरावांचं मरण तेवढं टळतं. बाकीचं खरं असल्यामुळेच तो बदल अंगावर येतो.

या वेळच्या कादंबरीत प्राचीन विमानांच्या टिपा होत्या: ‘यंत्रसर्वस्व’, ‘रहस्यलहरी’, ‘क्रियासार’. तिन्ही वाटा ‘वैमानिकशास्त्रा’शी येऊन मिळत होत्या, आणि जी. आर. जोसयर यांनी इंग्रजी भाषांतरासह ते १९७३ मध्ये छापलं म्हैसुरात. तेव्हा म्हैसूर गाठणं आलंच.

इथलं प्राच्यविद्या संशोधनालय १८९१ चं. हस्तलिखितांच्या सूचीत मी नुसतं नाव बघत नाही. लिपी कोणती, ताडपत्र की कागद, पत्रं किती, आरंभ-शेवटच्या ओळी काय, पुष्पिकेत नकलकाराने काय लिहिलंय, हे सगळं जुळावं लागतं. नाव फार फसवं. ‘क्रियासार’ नावाचा ग्रंथ खरोखर आहे, नीलकंठ शिवाचार्यांचा. पण तो वीरशैव वेदान्ताचा, त्यात विमान कुठून येणार?

दुसरी कसोटी त्याहून महत्त्वाची: हा ग्रंथ आणखी कुणी पाहिलाय का? याचं सर्वांत सुंदर उदाहरण याच संस्थेतलं. कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ शतकानुशतकं हरवलेलं होतं, पण दंडीने त्याचा उल्लेख केला होता, त्याचा सहा हजार श्लोकांचा विस्तारही सांगितला होता. १९०५ मध्ये ताडपत्रांची पोथी इथे आली, ग्रंथपाल आर. शामशास्त्रींनी ती ओळखली आणि १९०९ मध्ये छापली. पुढे आणखी पोथ्या मिळाल्या. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगल्यांनी त्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे ग्रंथ हाती नव्हता, तेव्हाही त्याचे साक्षीदार होते.

विमानविद्येच्या ‘रहस्यलहरी’ला असा बाहेरचा एकही साक्षीदार मला मिळाला नाही. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणजे आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितलेला आणि उतरवून घेतलेला मजकूर. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. संस्कृत अर्वाचीन, आणि वर्णन केलेली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. मला त्या अभ्यासाचा आदर वाटतो, कारण यंत्रं तपासायला बसलेल्या या अभियंत्यांनी पोथीची भाषा आणि कुळकथाही तपासली.

लेखकाशी फोनवर बराच वेळ बोलले. रचलेले ग्रंथ राहू द्या, म्हटलं, पण त्यांना खऱ्या संस्थेचा हस्तलिखित-क्रमांक चिकटवू नका. उद्या एखादा विद्यार्थी त्या क्रमांकाची पोथी मागायला काउंटरवर उभा राहील. त्यांनी क्रमांक काढले. ‘वैमानिकशास्त्रा’च्या टिपेतलं ‘प्राचीन’ मी खोडलं आणि तिथे लिहिलं: सुब्बराय शास्त्री, १९१८–२३, मुद्रित, म्हैसूर, १९७३.